गारवा जातो

जेग्लेक झालं आणि सहाही खोल्या एकदम अंधारात बुडाल्या. मगरिबची, संध्याकाळची अजान नुकतीच संपली होती.

“पुन्हा,” अंगणातून वागिमानचा आवाज आला. तो आधीच मीटरखालच्या स्टुलावर चढला होता. “खटका मी इतक्यात वर करत नाही. आधी शोध. कुठल्यातरी खोलीत फ्रिज आहे, लिहून देतो. सहा पोरींच्या पंख्यांचं एवढं बिल येतं होय? ज्या खोलीत सापडेल, ती खोली पहिल्या तारखेला रिकामी.”

त्याची बायको सुमिनाह टॉर्च घेऊन निघाली. योग्या शहरातल्या त्या गल्लीत वीज गेली असं कुणी म्हणत नसे, जेग्लेक झालं म्हणत. पडताना खटका तसाच आवाज करायचा. नवऱ्याच्या निवृत्तीचे पैसे आले आणि या खोल्या बांधल्या, तेव्हा फरशा निवडायला दोघांनी तीन आठवडे घातले होते. मीटर मात्र जुनंच राहिलं, दोन माणसांपुरतं. भाडं विजेसकट ठरवलं, तेही तिनंच. मुलीच तर आहेत, दिवसभर कामावर असणार, असं तिला वाटलं होतं. आता बिल भाड्यातला घास खात होतं आणि महिन्याच्या महिन्याला वागिमान तिच्याकडे नुसता बघायचा.

ओसरीच्या भिंतीवर विजेच्या जादा वापरासाठी द्यायच्या पैशांची यादी होती. राईस कुकर, इस्त्री, पंखा, प्रत्येकापुढे आकडा. सगळ्यात खाली लाल अक्षरांत: फ्रिज बंदी.

पहिलं दार वाजवायच्या आधीच उघडलं.

“माझं, इबू,” रेत्नो म्हणाली. सगळ्या पोरी सुमिनाहला इबू, म्हणजे आई, म्हणत. “ड्रायरनं केस वाळवत होते.”

सुमिनाहनं टॉर्च वर केला. रेत्नोची वेणी घट्ट आणि तेलकट होती.

“तिचं नाही, माझं,” शेजारच्या दारातून अरूम पुढे आली. “इस्त्री लावली होती.” अंगातला ब्लाउज चुरगळून गोळा झालेला.

“माझा कुकर पण होता,” तिसरी म्हणाली. तिच्या हातात केळीच्या पानातला विकतचा भात होता.

“तिघींचं एकदम?”

“हो ना, इबू. आमचं नशीबच तसलं.”

सुमिनाह पुढे चालू लागली. पण एरवी ज्या पोरी जेग्लेक झालं की एकमेकींच्या नावानं खडे फोडायच्या, त्या आज तिच्या मागोमाग अनवाणी चालत होत्या.

शेवटच्या खोलीत निंग्रुम चटईवर बसली होती. मोजे शिवायच्या कारखान्यातून आलेली, अजून गणवेशातच. तिच्या मागे बुटकं टेबल, त्यावर पायघोळ बाटिकचं कापड, वर आरसा आणि पावडरचा डबा.

“तुझं काय लावलंय गं?”

“पंखा, इबू. फक्त पंखा.”

सुमिनाहनं टॉर्च चारही भिंतींवरून फिरवला. मग दारातून हाक मारली, “लावा हो.”

दिवे आले. आरसा थरथरला, पावडरचा डबा खुळखुळला आणि टेबल घुमायला लागलं.

सुमिनाहनं वाकून बाटिक उचललं आणि छोटंसं दार उघडलं. आत मासे नव्हते, बर्फाच्या कांड्या नव्हत्या. दुधाच्या चपट्या पिशव्या एकीला एक लावून उभ्या होत्या, प्रत्येकीवर वार आणि वेळ. सोमवार पहाट. सोमवार रात्र. मंगळवार पहाट. काहींवर कोपऱ्यात मांजर काढलेलं होतं.

“मांजरं अरूम काढते,” निंग्रुम हळूच म्हणाली.

“किती महिन्यांचं?”

“शुक्रवारी चार पूर्ण होतील. लेक माझ्या आईकडे असते गावाला. रविवारी हे दूध बर्फाच्या डब्यातून घेऊन जाते मी. तिथे दुकानदार आइस्क्रीमच्या पेटीत ठेवू देतो. यादीत फ्रिजचा भाव नव्हता, इबू. असता तर दिला असता. चोरून नसतं लावलं.”

“आणि हा काढला तर?”

निंग्रुमनं पिशव्यांकडे पाहिलं. तिच्या गणवेशावर छातीशी दोन ओले डाग हळूहळू पसरत होते.

सुमिनाहनं फ्रिजचं दार लावून घेतलं, अंगठ्यानं कडेकडेनं दाबून. बाटिक खाली सोडलं. आरसा कलला होता, तो सरळ केला.

“असं उघडं ठेवू नये,” ती म्हणाली. “गारवा जातो.”

ओसरीवर वागिमान उभा होता. कधीपासून, कोण जाणे.

“सापडलं?”

“माझंच निघालं,” सुमिनाह म्हणाली. “स्वयंपाकघरात इस्त्री चालू राहिली होती.”

“आपली इस्त्री गेल्या महिन्यात जळली.”

“तीच,” सुमिनाह म्हणाली.

वागिमाननं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या मागे ओळीनं उभ्या असलेल्या अनवाणी पोरींकडे. शेवटच्या खोलीतून बारीक घुमणं ऐकू येत होतं. तो स्टूल उचलून आत गेला.

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला, पुन्हा जेग्लेक झालं. दारं करकरली. कुणीतरी “माझं” म्हणायला तोंड उघडलं असेल-नसेल, तेवढ्यात अंगणातल्या अंधारातून आवाज आला.

“माझं होतं गं, माझं. आलोच, लावतो. तोवर कुणी काही उघडू नका. गारवा जातो.”