मथुराबाई फायरवॉल घेतात

"पंख्याचा नको," योगिनी म्हणाली. "हर्णै बंदराची खारी हवा आत ओढून वर्षभरात मरेल. बिनपंख्याचा घेऊ."

मथुराबाईंनी मान हलवली. टेबलावर तीन फायरवॉल राउटरांची माहितीपत्रकं पसरली होती. मुंबईहून आलेला भाचा दीपेश सर्वांत महागड्यावर बोट ठेवून बसला होता. मोठ्या कंपन्यांत हाच असतो, असं त्याने तिसऱ्यांदा सांगितलं. मोठ्या कंपन्यांत मासळीचा वास नसतो, असं मथुराबाईंनी एकदाच सांगितलं.

योगिनीचं रत्नागिरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला पेलेल तेच विकायचं आणि विकल्यावरही फोन उचलायचा, असा तिचा नियम; म्हणून ती अजून भाड्याच्या गाळ्यात होती. तीन कॉम्प्युटर, दोन कॅमेरे आणि शीतगृहाचं मीटर, एवढ्याला मधला पुरे, असं तिचं मत. दुसऱ्या वर्षापासून राउटरच्या सॉफ्टवेअर परवान्याला काय पडेल, हेही तिने न विचारता लिहून दिलं होतं.

मुंबईच्या एका हॉटेलवाल्याचा कोळंबीचा वर्षाचा ठेका बंद पाकिटातल्या दरावर जायचा. सलग दोन वर्षं शेजारच्या रितेशचा दर मथुराबाईंपेक्षा बरोबर एका रुपयाने कमी निघाला. यंदाही ठेका गेला, तर कोळंबी सोलणाऱ्या बावीस बायकांची शेड बंद. ती विकत घ्यायची तयारी रितेशने आधीच दाखवली होती, तीही बंदरावर, चारचौघांत. शेड नाय मिळायची, पण दमला असशील तर बसायला स्टूल देते, असं मथुराबाईंनी त्याला तिथंच सुनावलं होतं.

त्यांनी मधला राउटर उलटासुलटा करून पाहिला. "कोण आत शिरला, ते ह्यात दिसेल?"

"शिरूच देणार नाही, मावशी."

"ते झालं गो. पण दिसेल ना?"

"नाव, वेळ, सगळं."

"मग हाच."

खरी कटकट बसवताना झाली. मथुराबाईंच्या कचेरीच्या पडवीतला जुना कॉम्प्युटर म्हणजे अख्ख्या बंदराचा छापखाना होता. नाखव्यांना होडीचे कागद, कुणाला लेकीचा दाखला, कुणाला रेल्वेचं तिकीट. संध्याकाळचा लिलाव सुरू होईपर्यंत सगळे तिथं चहा पीत, वायफाय जोडून बसायचे. रितेशचा मुनीम आत्मारामसुद्धा. आणि दराची फाइल होती त्याच कॉम्प्युटरात.

पाहुण्यांना तिथंवर पोचूच द्यायचं नाही, असं योगिनीने ठरवलं. मथुराबाई ऐकेनात. इतकी वर्षं कुणाला नाय म्हटलं नाय, आता यंत्र घेतलं म्हणून तोंड फिरवायचं का, असं त्यांनी विचारलं. निदान दराची फाइल तरी दुसरीकडे ठेवा, म्हणून योगिनी अगदी काकुळतीला आली.

"माझ्या घरात माझी वस्तू मी कशाला लपवू? बाकी सगळं बंद कर. तेवढी वाट राहू दे."

कुलूप घ्यायचं आणि किल्ली दारातच टांगायची, असं म्हणत दीपेश हसला. मग जरा गंभीर झाला. "आत्या, त्यापेक्षा शेड विकून मोकळी हो."

"तुझा बापूस पण हेच बोलला होता. तुझे आतोबा गेले तेव्हा. त्याला तीस वर्षं झाली."

योगिनीने तेवढी वाट ठेवली आणि नाराजीनेच बस पकडली.

पाकीट शुक्रवारी द्यायचं होतं. गुरुवारी साडेचारला योगिनीचा फोन आला. आवाज पार उतरलेला. चार वाजून दहा मिनिटांनी आत्मारामच्या मोबाइलवरून दराची फाइल उघडली गेली होती. तिने रत्नागिरीत बसून ते पाहिलं होतं. चूक आपलीच, आपण हट्ट धरायला हवा होता, असं ती म्हणाली. राउटर परत घ्यायची, सगळे पैसे परत द्यायची तिची तयारी होती.

"डबा चांगला हाय," मथुराबाई म्हणाल्या. "परत कशाला? पण नुसती उघडली का उतरवून घेतली?"

"उतरवून घेतली, मावशी. अख्खी."

मथुराबाईंनी फोन ठेवला, निविदेचा कागद पुढे ओढला आणि दराच्या कोऱ्या चौकोनात खरा दर लिहिला, फाइलीतल्यापेक्षा चार रुपयांनी कमी.