ओसरी नसलेलं सभागृह

"एक ओसरी काढायची आहे, बस," पडद्यावरचे सर म्हणाले. "पेन्सिल हातात आहे ना? मग काढा. आम्ही थांबतो."

दामिनीच्या हातात पेन्सिल होती. समोर तिचा नकाशा पसरला होता. गावाचं सभागृह. चारी बाजूंना दारं, मध्ये मोठी मोकळी जागा, वर उंच छप्पर, आणि बाहेर उभं राहायलाही आडोसा नाही. पुण्याच्या एका संस्थेत आर्किटेक्चरच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी तिनं हेच काम पाठवलं होतं. मुलाखत लॅपटॉपवर चालली होती, लाखांदूरजवळच्या तिच्या गावातल्या घरी, पुढच्या खोलीत.

सर वयस्कर होते आणि खरं म्हणजे प्रेमळ होते. बाकीचं काम त्यांना फार आवडलं होतं. तसं त्यांनी मोकळेपणानं सांगितलंही. "पण विदर्भातली इमारत, तिथलं ऊन, तिथला पाऊस, आणि ओसरी नाही? हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं. चूक होते हो माणसाची. ती दुरुस्त करता येते की नाही, एवढंच आम्हाला बघायचं आहे."

म्हणजे ओसरी काढली की प्रवेश हातात. इतकं स्वच्छ कोण सांगतं?

ही ओसरी कधीची तिच्या मागे हात धुऊन लागली होती. नागपूरच्या कॉलेजात तिच्या पुढे असलेला भूपेंद्र सगळ्यांचे पोर्टफोलिओ तपासून द्यायचा. त्यानं या नकाशावर भलंमोठं लाल वर्तुळ काढलं. "ओसरी टाक, नाहीतर हे कामच काढून टाक यार. तुझा तो मॉल दे ना, चकाचक आहे." तिनं मॉलच काढून टाकला आणि सभागृह ठेवलं. "मग दुसरीकडं बी अर्ज करून ठेव," तो म्हणाला. तिनं एकाच ठिकाणी केला. खेड्यातल्या सार्वजनिक इमारती शिकवणारा अभ्यासक्रम तिला तिथंच सापडला होता. भूपेंद्रनं कपाळावर हात मारला. चूक आहे असं ज्यानं त्यानं सांगितलं. का, असं एकानंही विचारलं नाही, आणि न विचारणाऱ्याला समजावत बसायची दामिनीला हौस नव्हती.

सगळ्यात जास्त लागलं होतं ते बाबांना. ईश्वरराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस. एसटीतून उतरले की लहानथोर त्यांना सरपंचसाहेब म्हणून रामराम घालत. गावच्या आत्ताच्या सभागृहाची लांबरुंद ओसरी त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतली होती. लेकीचा नकाशा त्यांनी उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. "आपल्या ओसरीत अर्धा गाव बसते," ते म्हणाले. "अन् तू त ओसरीच खाऊन टाकली वो!"

तरी शिकायला पाठवताना त्यांनी कधी आडकाठी केली नाही. आजही धानाच्या बांधीकडे न जाता ते घरीच थांबले होते. नवा सदरा घालून, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. आता ते हवेत बोट फिरवून खुणा करत होते. काढ, काढ. स्वयंपाकघराच्या दारात आई, कौशल्याबाई, डोक्यावरचा पदर सावरत उभी होती. ती कसल्याच खुणा करत नव्हती. नुसती बघत होती.

दामिनीनं पेन्सिल कागदावर टेकवली. एक रेघ ओढायची, बस. पुणं, वसतिगृह, मोठं ग्रंथालय, सगळं त्या रेघेच्या पलीकडे होतं. तिला ते हवं होतं.

तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"नाही काढत मी, सर."

बाबांचं बोट हवेतच राहिलं. सरांनी चष्मा काढला. "दामिनी, कुणी चूक दाखवलेली चालत नसेल, तर इथं शिकणं तुम्हाला जड जाईल."

"छपराचा उतार बदला म्हणा, खांब हलवा म्हणा, आत्ता बदलून देते. ओसरी नाही. त्याच्यापायी प्रवेश नाही भेटला तर नाही भेटला."

सरांच्या शेजारी एक मॅडम होत्या. इतका वेळ त्या नकाशाच न्याहाळत होत्या. त्यांनी मान वर केली. "पण का?"

दामिनीनं कोपऱ्याकडे पाहिलं. बाबांना काहीतरी उमगलं असावं. ते आता मान हलवून नको नको म्हणत होते. तिनं दाराकडे पाहिलं. आईनं नजर खाली घातली नाही.

"ओसरी असली का बाया आत येतच नाही, मॅडम." दामिनी कधी घरच्या बोलीवर आली, तिचं तिलाच कळलं नाही. "सभा आत भरते. आत सासरे बसते, नवऱ्याचे मोठे भाऊ, भासरे बसते, त्यायच्यापुढं सुनेनं बसायचं नाही. मंग बाया बाहेर. कोणी हाकलत नाही त्यायले. मस्त सावली हाय, गार हवा हाय, आत जायचं कामच काय? बोलणं आतल्या आत होऊन जाते. ठराव झाला का कागद ओसरीत येते, सहीले."

"बाहेर? पण सही तर सरपंचाची लागते ना?" मॅडम म्हणाल्या.

"हो," दामिनी म्हणाली. "सरपंच माझी माय आहे."