अठ्ठेचाळीस अंशांवर

चौथ्या मिनिटाला टॉर्च मंद झाला आणि आईने हातातली पिशवी छातीशी घट्ट धरली. अग्निशमन केंद्राच्या भिंतीवरचा लख्ख पांढरा झोत बघता बघता निम्म्यावर उतरला. केंद्रप्रमुखांनी टॉर्च या हातातून त्या हातात घेतला आणि टेबलापलीकडे उभ्या असलेल्या तिच्या लेकीकडे पाहिलं.

“उतरला की हा.”

“उतरवलाय, साहेब,” लेक म्हणाली. “आत दिव्याशेजारी सेन्सर आहे. टॉर्चचं अंग अठ्ठेचाळीस अंशांवर गेलं की तो करंट कमी करतो. विझू देत नाही, फक्त दमाने घ्यायला लावतो.”

साहेबांचा चेहरा कोराच राहिला. केंद्राच्या खरेदीसाठी आलेल्यांपैकी सकाळपासून दोघांचे टॉर्च नापास होऊन परत गेले होते. लेकीने दुरुस्तीच्या दुकानातली नोकरी सोडून सहा महिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर हाच एक ध्यास घेतला होता. इथे होकार मिळाला तर तिचं स्वतःचं काम उभं राहणार होतं. नाही तर पुन्हा मान खाली घालून त्याच दुकानात जायचं.

आई काही भित्री भागूबाई नव्हती. इस्पितळाच्या लाँड्रीत सत्तावीस वर्षं वाफेच्या इस्त्रीवरून चादरी काढत आलेली बाई. शिवाय या टॉर्चवर आपला अर्धा हक्क आहे, असं तिचं पक्कं मत होतं. रोज दुपारी ती पाळीवरून घरी आली की लेक चालू टॉर्च तिच्या हातात द्यायची, घड्याळ बघायची आणि विचारायची, किती गरम? आई सांगेल ते वहीत उतरायचं. माझ्या हाताने पास केल्याशिवाय एकही टॉर्च घराबाहेर जात नाही, असं तिने शेजारणींना सांगूनही ठेवलं होतं. लेक नुसती हसायची.

मग ऐन वेळी ती गप्प कशी बसणार?

“द्या इकडे,” म्हणत ती पुढे झाली आणि टॉर्च मुठीत घट्ट धरला. “गार तर आहे! साहेब, ही पोरगी उगाच भिते. मी पहिल्यापासून सांगतेय, आणखी दहा अंश चढू दे, काही होत नाही.”

लेकीने डोळे मिटून घेतले.

“गार?” साहेबांनी खिशातून तापमापक काढलं आणि आईच्या मुठीतल्या टॉर्चला लावलं. “ताई, अठ्ठेचाळीस आहे. मला एका हातात धरवेना म्हणून मी सारखा हात बदलत होतो.”

आईने मूठ उघडली. तळहात लालबुंद झाला होता. दुसऱ्याच कुणाचा असावा तसा ती तो बघत राहिली. लाँड्रीतल्या नव्या मुली चटका बसला म्हणून ओरडल्या की ती त्यांना हसायची, नाजूक गं बाई तुम्ही, म्हणायची. मुली नाजूक नव्हत्या. हिचाच हात बधिर झाला होता आणि कधी झाला ते हिलाच कळलं नव्हतं. आणि आज त्याच हाताने लेकीच्या सहा महिन्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“साहेब, चूक माझी आहे,” ती कशीबशी म्हणाली. “तिने माझ्या हातावर भरवसा ठेवला.”

“वही बघू,” साहेब म्हणाले.

वहीच्या प्रत्येक पानावर दोन रकाने होते. एकावर ‘मापक’, दुसऱ्यावर ‘आई’. अठ्ठेचाळीस, गार. अठ्ठेचाळीस, गार. एकावन्न, गार, लगेच काढून घेतला. साहेब पानं उलटत मागे मागे गेले आणि पहिल्या पानावर थांबले. ते त्यांनी मोठ्याने वाचलं.

“‘आईला मशीनखालची वाफेची गळती बघायला टॉर्च करून दिला. सेन्सर नाही. बासष्ट अंश. आई म्हणाली, छान ऊब येते. जेवताना तिच्या तळहातावर फोड दिसला. तिला अजून पत्ता नाही.’”

आईने लेकीकडे पाहिलं. “म्हणजे तुला ठाऊक होतं. मग रोज मला कशाला विचारत होतीस?”

“बाकीच्यांना चटका कळतो, आई. ते टॉर्च टाकून मोकळे होतात. तू टाकत नाहीस.” लेकीने वहीवर बोट ठेवलं. “तुला कळत नाही ते टॉर्चला कळायला हवं होतं. आणि ते जमलंय की नाही हे तुझ्याच हातात कळणार ना?”

दाराशी उभ्या असलेल्या एका जवानाने कुणी न सांगता हातमोजा काढला आणि तळहात पुढे केला. जाड, चकचकीत, रेषा पुसून गेलेला. शेजारच्यानेही केला.

“आमच्याकडे निम्मे हात असेच आहेत, ताई,” साहेब म्हणाले. त्यांनी लेकीचा अर्ज पुढे ओढून सही केली. “पंचवीस लागतील. आणि अठ्ठेचाळीसच्या वर एक अंशही चढू द्यायचा नाही.”

लेक शाळेत पहिली आली तेव्हाही आईचा ऊर एवढा भरून आला नव्हता. इतके दिवस आपण परीक्षा घेतोय अशा थाटात ती मिरवत होती, आणि पोरगी तिच्याच हाताला जपत बसली होती. तिने डोळे पुसले, मान ताठ केली, टेबलावरचा टॉर्च उचलला आणि सरळ आपल्या पिशवीत टाकला.

“सव्वीस कर,” ती लेकीला म्हणाली. “हा ज्याच्यासाठी केलास, त्या गिऱ्हाइकाने घेतला.”