सूज उतरली

मोतीबिंदू काढल्यावर ईश्वरराव मेश्रामांना महिनाभर लख्ख दिसलं. मग समोरच्या माणसाचा चेहराच तेवढा पुसट होत गेला. लखनौच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याला सूज आल्याचं सांगितलं. थेंब झाले, गोळ्या झाल्या, डोळ्यामागे इंजेक्शनही झालं. वर्ष सरलं.

आज डॉक्टरांनी डोळा बराच वेळ तपासला. "सूजन तो पूरी उतर गई, मेश्रामजी."

"पर चेहरा अब भी नहीं दिखता, साहब."

"पर्दा ही ख़राब हो चुका है. अब दवा से कोई फ़ायदा नहीं."

बाहेर बाकावर कमलाबाई वाट पाहत होत्या. "काय म्हणाले हो?"

"सूज उतरली." ईश्वररावांच्या तोंडून तेवढंच निघालं.

"उतरली?" बाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. "मी म्हणतच होते! आता नातीचं तोंड बघाल तुम्ही. नाक अगदी तुमच्यावर गेलंय तिचं."

सायकलरिक्षात बसल्यावरही त्या बोलतच राहिल्या. ईश्वरराव मान डोलावत होते. सूज उतरायला नको होती, असं त्यांना वाटलं. ती होती तोवर हिला सांगायला काहीतरी होतं.