प्रवाळांचा रंग

कृतिकाने भुईगावच्या ग्लेनशी लग्न केलं, तेव्हापासून सदानंदरावांनी लेकीशी बोलणं टाकलं होतं. "या घरात तिचा फोनही नको," असं त्यांनी बायकोला बजावलं. विरारच्या फ्लॅटमध्ये तिची एकच गोष्ट मागे राहिली होती, खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणि त्यात तिने जिवापाड जपलेली जिवंत प्रवाळं.

उन्हाळ्यात प्रवाळं पांढरी पडू लागली, तसा आशालताबाईंचा जीव कासावीस झाला. नवऱ्याला न जुमानता त्यांनी लेकीला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, पाणी तापलंय. टाकीवर पंखा लाव आणि लाइट निम्मा कर, नाहीतर मरतील गं सगळी!" कृतिका रडवेली झाली.

मग रोज संध्याकाळी तिचा फोन येऊ लागला. आशालताबाई टाकीपुढे मोबाईल धरायच्या आणि सदानंदराव पेपरात तोंड खुपसून बसायचे. पान मात्र काही उलटत नसे.

हळूहळू प्रवाळांवर जांभळा, हिरवा रंग परतला. "आता काळजी नाही, आई. बाबांना उगाच त्रास नको, यापुढे फोन करत नाही," म्हणत कृतिकाने निरोप घेतला.

दुसऱ्या दिवशी आशालताबाई बाजारातून आल्या, तर सदानंदराव टाकीपाशी उभे होते. पंखा बंद होता आणि लाइट डोळे दिपतील इतका वाढवलेला.



"तिला फोन लाव," त्यांच्याकडे न बघता ते म्हणाले, "सांग, पुन्हा पांढरी पडतायत."