चौकातले ठिपके

शहराचे रस्ते गाडीवरच्या यंत्राने ठिपक्याठिपक्यांनी मोजून, नकाशावर जागच्या जागी बसवून, कॉम्प्युटरमध्ये उभे केले होते. त्यांवर बिनड्रायव्हरची गाडी आधी कॉम्प्युटरमध्येच चालवून बघायची होती. मोजणीच्या वेळी मध्ये आलेली माणसं, कुत्री, सायकली त्याआधी पुसायच्या, हे तिचं काम.

"अगं, गाडी दर खेपेला चौकातल्या औषधाच्या दुकानापुढेच का अडते?" सर वैतागले. "हे बघ, भर रस्त्यात एक माणूस राहिलाय. तुझ्या हातून असं कधी होत नाही!"

तिने तेवढा भाग मोठा केला. नुसते करडे ठिपके. चेहरा नव्हताच, पण उजवा खांदा पडलेला आणि हातात पिशवी.

"बाबा आहेत," ती म्हणाली. "मोजणीची गाडी आली, तेव्हा नेमके रस्ता ओलांडत होते."

माउसकडे गेलेला सरांचा हात मागे आला. तिच्या बाबांच्या अंत्ययात्रेला तेही गेले होते.

"पुसते, सर. फक्त अजून एकदा चालवू द्या." तिने डोळे पुसले. "अपघाताच्या दिवशीही ते इथेच होते. ही गाडी निदान थांबते तरी."