माथ्यावरचं गवत

पंचशीलाबाई मातीच्या खांबावर चढून उभ्या राहिल्या, तेव्हा फावडं उगारलेला मुकादम दोन पावलं मागं सरला.

पाझर तलावाच्या कोरड्या तळात असे खांब जागोजाग उभे होते, छातीइतके उंच. दुष्काळी कामावरच्या बायांनी उन्हाळाभर माती खणून बांधावर टाकली. मूळ जमिनीचे एवढे तुकडे मात्र मुद्दाम राखले. माप घेताना खांबाच्या माथ्यापासून तळापर्यंत टेप लावायचा, की किती खणलं ते कळतं. मजुरी त्या मापावरच. बाया या खांबांना साक्षीदार म्हणत.

माप अजून झालं नव्हतं. पण नव्या लातूर जिल्ह्यातलं काम बघायला मुंबईचे पाहुणे घटकाभरात येणार होते. तळ सपाट, देखणा दिसावा म्हणून खांब पाडायचा हुकूम सुटला होता.

ओव्हरसिअर वीरभद्र बांधावरून धावत उतरला. अहमदपूरच्या शाळेत तो याच बाईंच्या हाताखाली शिकला होता.

“बाई, खाली या. आज तुमचा सत्कार हाय. तुमच्या पुस्तकाला एवढा मोठा मान मिळाला. पाहुण्यांच्या शेजारी खुर्ची मांडली हाय तुमची.”

“इथून सगळं दिसतंय की रे मला. खुर्चीवरून दिसंल का?”

टोपली उपडी घालून बसलेली सरजाबाई म्हणाली, “बाई, तिकडं शाल तुमची वाट बघायलीय.”

“तूच पांघर गं.”

“ह्या उन्हात? मला काय याड लागलंय!”

बाया हसल्या. वीरभद्र हसला नाही. तो खांबाजवळ गेला आणि आवाज उतरवून म्हणाला, “खांब पाडले तरी माप मी बरोबर लिहीन, बाई. माझ्यावर भरवसा न्हाई का?”

“हाय की. लई हाय. पण उद्या तुझी बदली झाली हिमायतनगरला, तर मागून येणाऱ्याला ह्या बाया काय दाखवतील? हातावरचे फोड? ते तर पावसाळ्यापातुर बुजतेत.”

“माझी नोकरी नवी हाय, बाई.”

“ठाऊक हाय मला.” न उमगलेला भागाकार पुन्हा समजावून सांगताना त्यांचा आवाज असाच असायचा. “म्हणून तुला काही कर म्हणतच न्हाई. तू नुसता बाजूला हो.”

वीरभद्र हलला नाही. मुकादमाला धीर आला.

“एक खांब अडवला बाईंनी. बाकीचे हायेत की मोकळे!” असं म्हणत त्यानं शेजारच्या खांबाकडे फावडं वळवलं.

सरजाबाई उठली. तिनं टोपली बाजूला सारली, शेजारणीच्या गुंफलेल्या हातांवर पाय दिला आणि त्या खांबावर चढली. मग पलीकडच्या खांबावर कस्तुराबाई चढली, पोर कडेवर घेऊनच. कुणी घोषणा दिली नाही. एकीनं दुसरीला हात दिला, दुसरीनं तिसरीला. बघता बघता एकही खांब मोकळा राहिला नाही. मुकादम फावड्यावर रेलून घाम पुसत राहिला.

जीपा आल्या. धुरळा खाली बसला तेव्हा पाहुणे बांधावर उभे होते, गळ्यात झेंडूचे हार. खाली तलावात सगळीकडे बाया जणू अधांतरी उभ्या होत्या. पाहुण्यांना वाटलं, ही स्वागताचीच काही तऱ्हा असावी. ते खूश होऊन म्हणाले, “वा! या भगिनींना एवढ्या उंच कशासाठी उभं केलंय?”

पाहुण्यांबरोबर आलेल्या साहेब लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी खाली वीरभद्राकडे पाहिलं.

वीरभद्र पंचशीलाबाईंच्या खांबापाशीच होता. माथ्यावर, बाईंच्या अनवाणी पावलांच्या आजूबाजूला, दोन सालांमागच्या पावसाचं कुसळी गवत वाळून तसंच उभं होतं. त्यानं खिशातून टेप काढला. त्याचं टोक बाईंच्या बोटांजवळ त्या गवतावर दाबून धरलं आणि टेप तळापर्यंत सोडला.

“उंच न्हाईत त्या, साहेब,” तो मोठ्यानं म्हणाला. “जमीन इथपातुर होती.”